फुंकणी

डोंगर पेटल्याचं आधी कुणी सांगितलं नाही.
गॅलरीतल्या तोंडल्याच्या वेलावर
गवताच्या काळ्या काड्या येऊन पडल्या होत्या,
बोट लावलं की पीठ.

मग संध्याकाळी सगळी बिल्डिंग गच्चीवर.
खारघरच्या उतारावर नागमोडी, केशरी रेघ.
कुणी म्हणालं, काय सुंदर दिसतंय,
आणि लगेच खोकलं.

आज तिसरी रात्र.
सरकत्या खिडक्यांच्या फटींना मी
खाकी चिकटपट्टी लावली आहे.
दाराखाली ओला पंचा, तो दर दोन तासांनी पिळायचा;
पाणी फिक्या चहासारखं निघतं.
टेबलफॅनच्या पाठीला गाडीच्या एसीचा फिल्टर,
शाल्मलीच्या केसांच्या रबरांनी बांधलेला.
दिसतं हास्यास्पद.
पण सकाळी तो राखाडी झालेला असतो
आणि मला जमाखर्च जुळल्यासारखं वाटतं.

घरात नवे कायदे आहेत.
फोडणी नाही. पापड भाजणं नाही.
कॉइल नाही, डास चावले तर चावोत.
उदबत्तीवरून मामंजींशी वाजलं.
"एवढ्याशा धुरानं काय होतंय?
बाहेर अख्खा डोंगर जळतोय."
मी म्हटलं, म्हणूनच.
दुपारी पाहिलं तर देवापुढे
न पेटवलेली उदबत्ती उभी,
टोकाला चिमूटभर अष्टगंध लावलेलं,
लाल.

माझं काम श्वास मोजण्याचं.
बेलापूरच्या तपासणी केंद्रात दिवसभर ओरडते:
खोल घ्या, ओठ घट्ट, आता फुंका!
फुंका फुंका फुंका, अजून, अजून, सोडू नका!
बाहेर बसलेल्यांना वाटतं, आत कुस्ती चालली आहे.

काल चाफेवाडीहून चांगुणा हिलम आल्या.
रात्रभर निरगुडीच्या फांद्यांनी
जाळ बडवून आल्या होत्या, हातांना तोच वास.
वय विचारलं तर म्हणाल्या, तूच लिही.
नळी तोंडात धरली, डोळे मिटले
आणि फुंकलं.
हळू. बारीक. एकसारखं.
पडद्यावरची रेघ चढलीच नाही,
आडवी पसरत गेली, लांब, खूप लांब.

"मावशी, जोरात!" तीनदा म्हटलं.
त्यांनी नळी काढली, पदराला पुसली.
"जोरात फुकलं तं राख उडते, बाय.
विस्तू कसा धरंल?"

मशीन असली फुंकर मोजत नाही.
मी शेरा लिहिला:
रुग्णास पद्धत समजली नाही.

दोन वाजता वीज गेली.
पंखा थांबला तेव्हा कळलं
तो किती बोलत होता.
बंद खोलीत शाल्मलीची छाती
प्लॅस्टिकच्या पिशवीसारखी वाजू लागली.
पंप दिला. पाठ चोळली. उठवून बसवलं.
ती श्वास ओढत होती, ओढतच होती,
सोडायला विसरल्यासारखी.
आणि माझ्या तोंडून सवयीनं येणार होतं, जोरात.

नाही आलं.
अंधारात तिच्या तोंडापुढे तळहात धरला.
"यावर विस्तू आहे समज.
विझू द्यायचा नाही. उडूही द्यायचा नाही."
"विस्तू म्हणजे?"
लायटरच्या घरात जन्मलेली पोर.
"राखेखाली झोपलेली आग."
तिनं ओठ बारीक केले.

पहिली फुंकर तुटली. दुसरीही.
तिसरी आली ती
माझ्या बोटांच्या पेरांपर्यंत, कोमट,
मग मनगटापर्यंत.
मामंजी दारात येऊन उभे होते,
काही न बोलता त्यांनी पंचा पिळला,
परत फटीत सारला.

किती वेळ गेला, मोजला नाही.
वीज आली. पंखा फिरला.
फिल्टर एका रबरावर लोंबत होता
आणि पोर माझ्या हातावर
अजून फुंकत होती, झोपेत.

फाइल उद्या उघडेन.
शेरा खोडायचा तर तिथे लिहायचं काय,
त्या रकान्यात जेमतेम चार शब्द मावतात.